चौथ्या तोंडाचं पाणी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन सोडून पत्र का, म्हणून पाकीट उलटंसुलटं करून बघत असशील. घरातला फोन आईच्या उशाशी आहे, आणि मोबाईल घेऊन अंगणात गेले की शेजारचे रिटायर साहेब बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला येतात. दिवसातून पाच वेळा कुठल्या झाडाला पाणी लागतं, ते तूच सांग. शिवाय फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि मग 'असं मी कुठे म्हणालो' म्हणतोस. कागदावरचं बरं.

तर आपली ड्रेनेज लाइन फुटली आहे. महिनाभर स्वयंपाकघरातली मोरी तुंबत होती, मी रोज तार घालत होते. मग अंगणात चेंबरच्या भोवती ओल दिसायला लागली आणि असा वास सुटला की आईची खिडकी लावून घ्यावी लागली. दोन प्लंबर येऊन गेले. दोघांचं एकच म्हणणं, फरशी उखडा, अंगण कमरेएवढं खोदा आणि लिंबाचं झाड तोडा, कारण पाइपात शिरलेली मुळं त्याचीच आहेत. आई खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, "खिडकीतून दिसतं तेवढंच माझ्याकडे उरलंय. ते खणायचं असेल तर आधी मला उचला." झालं, खणायचा विषय संपला.

मग हा तिसरा आला. तो म्हणतो, एक फरशीसुद्धा हलवायची नाही. मी अठ्ठावीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. एक ग्रॅमही कमी नाही म्हणणाऱ्याचा काटा मी सगळ्यात आधी उलटा करून बघते. त्याला विचारलं, जमिनीखालचा पाइप जमिनीला हात न लावता कसा नीट करणार? त्यावर म्हणाला, कापडाचा लांबलचक मोजा रसायनात भिजवायचा, एका टोकाकडून फुटक्या पाइपात सोडायचा, हवेने फुगवायचा आणि आतून गरम पाणी फिरवायचं. काही तासांत मोजा कडक होतो आणि जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप तयार. मी त्या माणसाचं नाव मोजेवाला ठेवलंय. ऐकायला सगळं छान आहे, म्हणूनच मला खटकतंय.

त्याने आधी पाइपात कॅमेरा सोडला. मी स्टूल घेऊन पडद्यासमोर बसले, कारण जुनंच चित्रीकरण दाखवून कोण काय गळ्यात मारेल सांगता येत नाही. मुळांचे झुपके दिसले, दोन लांब तडे दिसले. आणि आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या लाइनला मोरी, बाथरूम आणि संडास अशी तीन तोंडं जोडलेली आहेत. घर बांधताना बाबांनी स्वतः काढलेला नकाशा माझ्याकडे आहे, त्यावरही तीनच आहेत. कॅमेऱ्यात चार निघाली. चौथं डावीकडून येतं, साहेबांच्या भिंतीच्या बाजूने. मोजेवाला म्हणाला, आत ओल आहे, म्हणजे वापरात आहे.

याचा अर्थ काय? कित्येक वर्षं त्यांची घाण आपल्या पाइपातून जातेय आणि तुंबल्यावर तार मी घालतेय. आईला यातलं काही सांगितलं नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप नको.

आता दुसरी गोष्ट. ऑफिसचं पत्र आलंय. रजा आता वाढणार नाही. एक मार्चला हजर व्हा, नाहीतर अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत राजीनामा द्या. आईला पडून चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय, चालायला हवं. ती म्हणते पायात जीव नाही. खाटेवरून पाय खाली सोडले तरी कण्हते. तिला अशी टाकून मी कशी जाऊ? राजीनामा सोबत ठेवलाय, सही करून. ऑफिस तुझ्या चष्म्याच्या दुकानापासून दोन स्टॉपवर आहे, नेऊन दे आणि पोच घे. सही करताना रडले, हे फक्त तुला सांगते. मला माझी नोकरी आवडत होती रे.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पाकीट खरंच उलटंसुलटं करून बघितलं. बायकोला वाटलं कोर्टाची नोटीस आली.

तू एकदा संशय घेतलास की निर्दोष माणूससुद्धा घाम पुसायला लागतो. शाळेत असताना माझ्या दप्तरातल्या पेन्सिली मोजायचीस आणि एक जास्त निघाली की आधी मलाच चोर ठरवायचीस. ती पेन्सिल मला बक्षीस मिळाली होती, हे तुला अजून पटलेलं नाही. आता बिचारे साहेब तुझ्या तावडीत सापडलेत.

एवढा खल कशाला करतेस? मोजेवाल्याला सांग, आमची तीन तोंडं ठेव आणि चौथं बुजवून टाक. साहेबांचं असेल तर दुसऱ्याच दिवशी ते नाक धरून तुझ्या दारात येतील. कुणी आलं नाही तर कुणाचंच नव्हतं. विषय संपला.

राजीनामा मिळाला. आठवडाभरात नेऊन देतो. तुला जड गेलं असणार, पण निर्णय योग्यच आहे. आईजवळ कुणीतरी आपलं माणूस हवं, आणि तिचं इतकं करणं तुझ्याशिवाय कुणाला जमलं असतं? मला तर दोन दिवसांत वेड लागलं असतं. कमरेला जप.

तुझा जन्माचा संशयित,
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

विनोद पुरे. मी खात्रीने सांगते, हा शेजारचा माणूस माझ्यावर पाळत ठेवून आहे.

आधी कामाचं ऐक. मोजा आत बसला की चारही तोंडांवरून जातो, म्हणजे सगळीच बंद होतात. मग कॅमेऱ्यासोबत एक छोटं कापायचं यंत्र आत जातं आणि आधी मोजून ठेवलेल्या अंतरावर आतून मोजा कापून तोंड मोकळं करतं. जे सांगू तेच उघडतं. जे सांगणार नाही ते कायमचं बंद. काम चोवीस तारखेला आहे, तोवर तीन की चार ते मला सांगायचंय. बुजवायला माझी हरकत नाही, पण एखाद्याचा काटा जप्त करायचा तर आधी पंचनामा लागतो. मला पुरावा हवाय.

म्हणून गेले सहा दिवस मी घरातले सगळे नळ बंद करते, चेंबरचं झाकण सरकवते आणि वही घेऊन शेजारी खुर्ची टाकून बसते. आईला सांगितलंय, उन्हाला बसते. खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे तिला वही दिसत नाही. घरात ती सोडून कुणी नाही. तरी चेंबरमध्ये पाणी येतं. गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आधी जरासं आणि मग एकदम अर्धी बादली. शुक्रवारी अकरा पाचला. शनिवारी मी सकाळी बसले तर सकाळी आलं, आणि संध्याकाळी बसले तर संध्याकाळी. रविवारी तेच.

मग मी डोकं लढवलं. सोमवारी बसलेच नाही. चेंबरच्या तळाशी कागदाची पट्टी ठेवून घरात आले आणि आईपाशी भाजी निवडत बसले. दोन तासांनी जाऊन बघितलं तर पट्टी कोरडी. खुर्ची टाकून बसले आणि दहा मिनिटांत पाणी. म्हणजे मी बसले की सोडायचं आणि मी उठले की बंद. बाल्कनीतून नुसतं बघायचं काम. या वयात माणसाला हे सुचतं तरी कसं, मला चिडवून त्याला काय मिळतं, मला कळत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी भिंतीवरून बाबांशी झालेलं भांडण अजून डोक्यात असेल.

आई तशीच. परवा कूस बदलताना माझ्या पाठीत अशी कळ आली की तिथेच खाली बसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माझ्यापायी तुझे फार हाल होतात. मी म्हटलं, असं बोलायचं नाही.

राजीनामा दिलास का? पोच पाठव.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय. चारही तोंडं उघडून घे. चौथं बुजवू नकोस. शेजारी म्हटल्यावर थोडं चालायचंच, त्यांचं पाणी आपल्या पाइपातून गेलं म्हणून काय बिघडलं? आणि ते वही घेऊन बसणं बंद कर. ऊन लागेल, आणि लोकही काय म्हणतील.

राजीनाम्याचं काम झालं असं समज.

धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. सातला म्हणतोस बुजव, चौदाला म्हणतोस उघड. मधल्या आठवड्यात असं काय झालं? लोक काय म्हणतील, याची तुला आयुष्यात कधी फिकीर नव्हती. आणि 'झालं असं समज' म्हणजे काय रे? दुकानदार 'वजन बरोबर आहे असं समजा' म्हणाला की मी तिथल्या तिथे पंचनामा करते.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. साहेबांनी तुला गाठलंय असं वाटलं. त्यांच्या मुलाला हे घर हवंय हे मला माहीत आहे. तुम्ही आपसात काहीतरी ठरवलंय, आणि मी नोकरी सोडून इथे अडकले की मग आई आणि घर दोन्ही गोष्टी तुझ्या सोयीने होतील, असा मी हिशोब मांडला. चुकत असेन तर चुकीचं ठरव.

म्हणून काल तडक त्यांच्या दारात गेले. मोजेवाल्यालाही नेलं, साक्षीदार म्हणून. त्याच्याकडे एक पूड असते, चिमूटभर टाकली की बादलीभर पाणी हिरवंगार होतं. मी साहेबांना तोंडावर म्हटलं, तुमची लाइन आमच्या पाइपाला जोडलेली आहे. मला वाटलं भांडतील. ते मला आत घेऊन गेले, संडासाचं दार उघडलं आणि म्हणाले, टाका तुमची पूड. टाकली. तीन वेळा पाणी सोडलं. बाथरूममध्ये टाकली, मोरीत टाकली. मोजेवाला आपल्या चेंबरपाशी उभा होता. हिरव्याचा थेंब आला नाही. त्यांची लाइन पलीकडच्या रस्त्याला जाते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वर त्यांनी चहा पाजला.

निघताना म्हणाले, आईंना परवा खिडकीत उभं बघितलं, बरं वाटलं. मी म्हटलं, ती चौदा महिने उठलेली नाही, तुम्ही पडदा बघितला असेल. बिचाऱ्यांना मोतीबिंदू झालेला दिसतो.

परत येताना मोजेवाला हळूच म्हणाला, बाई, घरातलीच एखादी जुनी मोरी असेल. मी त्याच्यावर खेकसले. पण मग आठवलं. आईच्या खोलीला लागून ते छोटं न्हाणीघर आहे ना, बाबा आजारी असताना नंतर बांधलेलं? ते नकाशावर नसणारच. मी तेव्हा तिथे होते कुठे! गवंड्याने ते बाथरूमच्या लाइनला जोडलं असं मी धरून चालले होते. आई पडली ती तिथेच, त्या दिवसापासून ते दार मी लावलंय आणि उघडलेलं नाही. मला ते बघवत नाही. तिथे पाणी वापरायला आहेच कोण? तरी उद्या पहाटे आई झोपेत असताना पूड टाकून ठेवते. म्हणजे तीही शंका फिटेल.

पोच पाठव.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

आज पहाटे ते दार उघडलं. चौदा महिने बंद असलेल्या जागेत एक जाळं नव्हतं. साबण झिजलेला होता. तरी माझ्या डोक्यात आलं काय, तर आपली सकाळची कामवाली गुपचूप इथे आंघोळ करत असेल. पूड टाकली, दार ओढलं.

अकरा वाजता खुर्ची टाकून बसले. कामवाली गेलेली होती. अकरा वाजून बारा मिनिटांनी चेंबरमध्ये पाणी आलं. हिरवंगार.

मी चप्पल काढली आणि आत गेले. आई खाटेवर होती, पांघरूण गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले. पायाकडून पांघरूण जरा वर सरकलं होतं. तिचे तळवे ओले होते.

मी तशीच मागे फिरले. परत येऊन खुर्चीवर बसले. वही मिटून टाकली. साहेब नाहीत, कामवाली नाही. मी खुर्ची टाकून बसते ते तिला खिडकीतून दिसतं, आणि मी बाहेर आहे हे बघून ती उठते.

आणि तुला माहीत होतं. म्हणून तर सातला बुजव आणि चौदाला उघड. माझ्या वेळा वाचून तुला कळलं ते पाणी कुणाचं. मला उत्तर हवंय, हो की नाही. एक शब्द पुरे.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

हो.

एका शब्दावर थांबायची हिंमत नाही म्हणून पुढे लिहितो. जूनमध्ये मी आलो होतो तेव्हा तू औषधं आणायला गेली होतीस. मी जेवत होतो. म्हटलं, आमटीत मीठ कमी आहे. आणि आई चालत आली आणि बरणी माझ्यासमोर ठेवली. हळू, भिंत धरत, पण चालत. माझा घास तोंडातच राहिला. तिने माझ्याकडून गळ्याची शपथ घेतली. म्हणाली, तुझी ताई दारात उभी राहून डॉक्टरांना म्हणाली, आई चालायला लागली की दुसऱ्या दिवशी मी निघाले. मी ऐकलंय. आता मी चालणार नाही.

शपथेमुळे गप्प बसलो असं म्हणालो तर ते खोटं होईल. तू तिथे होतीस म्हणून मला यावं लागत नव्हतं. आठ महिने मी रात्री स्वस्थ झोपलो. तुझ्या पाठीचं ऐकलं की दोन दिवस वाईट वाटायचं, तिसऱ्या दिवशी दुकान. तू मला घराचा लोभी ठरवलंस. तो मी नाही. पण जो आहे तो काही फार बरा नाही.

तुझ्या वेळा वाचल्या तेव्हा पाणी कुणाचं ते कळलं. चौथं बुजवलं तर पाणी तिच्या न्हाणीघरात उलटं येणार, त्यात ती घसरणार, पुन्हा पडणार. म्हणून उघड म्हणालो. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

राजीनामा दिलेला नाही. तीन वेळा तुझ्या ऑफिसच्या फाटकापर्यंत गेलो. एकदा तर आत जाऊन तुझ्या रिकाम्या टेबलापाशी उभा राहिलो. शिपायाने विचारलं, निरीक्षकबाई कधी येणार? देता येईना आणि तुला सांगताही येईना. सोबत परत पाठवतोय. मोठेपणा म्हणून नाही, नुसता भित्रेपणा. पण अजून एक मार्च उजाडायचाय. तू बोलाव, मी येतो.

धाकटा


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

राजीनामा मिळाला. तुझ्यावर खूप चिडले आहे आणि ते काही लवकर जाणारं नाही. पण आधी काल काय झालं ते ऐक.

काल मोजा बसवला. सकाळपासून गल्लीत मोठी गाडी, नळ्या, वाफ. मोजेवाल्याने बजावलं होतं, सहा तास घरात कुणी पाण्याचा थेंब सांडायचा नाही, सगळी तोंडं बंद असतील. मी आईला ते सगळं सांगितलं, चौथं तोंड निघालंय तेही. आणि मग तिच्या खाटेसमोर खुर्ची टाकून बसले. मुद्दाम. एकदाही उठले नाही. हिरवं पाणी बघितल्यापासून सहा दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी विचारलं, लघवीचं भांडं देऊ का? म्हणाली, नको. दर तासाला विचारलं. दर तासाला नको.

चार वाजता मोजेवाला खिडकीशी आला. म्हणाला, बाई, नवा पाइप मस्त बसला, आता यंत्र सोडतोय, तीन उघडू का चार? धाकट्या, मी तीन म्हणणार होते. तुझी भीती मला माहीत होती, तुझं पत्र वाचलेलं होतं, तरी मी तीन म्हणणार होते. म्हणजे मग तिला माझ्यासमोर उठावं लागेल. सूड म्हण. तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात आईने पांघरूण बाजूला केलं. पाय खाली टाकले, खाटेची कड धरली आणि उभी राहिली. माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता, चालत खिडकीशी गेली. गज धरले. म्हणाली, "चार. चौथं माझं आहे."

मोजेवाला बघतच राहिला. मग मान हलवून गेला.

मी फार बोलले. चौदा महिन्यांचं सगळं बोलले. म्हटलं, माझी पाठ मोडली, माझी नोकरी जाणार होती, आणि तू खाटेवरून डोळे मिटून ऐकत होतीस. ती खिडकीशी उभी होती. म्हणाली, न्हाणीघरात हिरवं पाणी बघितलं तेव्हाच मला कळलं, तुला कळलंय. वाटलं आता विचारशील. तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, तू सांगितलं नाहीस. मग म्हणाली, "भांड्यात मला होत नाही गं. तेवढं एक तरी माझं मी करत होते."  पण राग तसाच होता, म्हणून म्हटलं, एक तारखेला मी कामावर जातेय. ती वळली, चालत खाटेवर गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हापासून बोललेली नाही.

काम चांगलं झालंय, हे कबूल करायला हवं. एक फरशी हलली नाही. वास गेला. मोरीतलं पाणी घळाघळा जातं. मी मोजेवाल्याची माफी मागितली, साहेबांचीही मागितली. आईची मागावी का तिने माझी मागावी, हे ठरत नाही.

सत्तावीसच्या आत ये. दुकानाचं काहीही सांगू नकोस. तू आलास की मी निघते.

ताई


६ मार्च

ताई,

तू गेल्याला आठ दिवस झाले. तुझा फोन आला की 'सगळं ठीक' म्हणत होतो, कारण फोन अजून आईच्या उशाशी आहे. ठीक नव्हतं.

तुझी रिक्षा वळली आणि आई खाटेला लागली ती उठेना. पहिल्या दिवशी म्हणाली पाय दुखतो, दुसऱ्या दिवशी पायात जीव नाही. मी भांडं दिलं, कूस बदलली. मला काही जमत नव्हतं, ती कण्हत होती, मी माफी मागत होतो. वाटलं ही आता मला अडकवतेय. तुझा आजार मला लागला. तिसऱ्या दिवशी चेंबरचं झाकण सरकवून खिडकीकडे पाठ करून खुर्ची टाकली. तासभर बसलो. पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास बसलो, नाही आलं. मग घाबरलो. संशय बरा होता गं, निदान त्यात ती चालत होती. वाटलं, हट्टाने पडून पडून आता खरंच पाय गेले. साहेब बाल्कनीतून विचारत होते, काय शोधताय? त्यांना काय सांगणार!

काल तिच्यापाशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा गुळमुळीत न बोलता बोललो. म्हटलं, आई, मी वीस तारखेपर्यंत आहे. तू चाललीस तरी मी वीसला जाणार आणि नाही चाललीस तरी वीसला जाणार. मग दिवसभराची बाई ठेवू. ताई महिन्यातून दोनदा येईल, मी दोनदा. तुझ्या पायांवर आता कुणाचं येणं-जाणं अवलंबून नाही. तुझं नाव न विचारता घातलं, त्याबद्दल रागव.

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "ताई चिडून गेली. चिडलेलं माणूस परत येतं का रे?" मी म्हटलं, ती माझ्या पेन्सिलीवर चाळीस वर्षं चिडलेली आहे आणि तरी अजून मला पत्रं लिहितेय.

हसली नाही. पण आज सकाळी मी चहा टाकत होतो तर मागून म्हणाली, सरक, तुला कधी चहा येणार. ओट्याला धरून उभी होती. आठ दिवस पडून राहिल्याने पाय कापत होते, मी हात दिला, तिने घेतला. चहा तिने केला. मग अंगणात जाऊन तुझ्या खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, कागद आण, ताईला लिहायचंय. डोळ्यांना दिसत नाही, तू लिही. मी कागद घेऊन बसलो.  ती फरशीकडे बघत होती. शेवटी दोनच वाक्यं सांगितली आणि म्हणाली, याच्यात तुझं काही घालू नकोस. नाही घालत.

'मी चालते आहे. तरी येत जा.'